खिळ्यावर नसलेली किल्ली

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत कोणी गावाला निघालं, की रिक्षात सामान ठेवायच्या आधी उखादादाच्या दारात येऊन किल्ली देऊन जायचं, हा वीस वर्षांचा रिवाज. उखाच्या दरवाज्यामागे एक जाड खिळा आहे. त्यावर एरवी तीन-चार किल्ल्या असतात, लग्नसराईत दहा-बारा. कोणती कोणाची हे उखाला बघावं लागत नाही, हाताला लागली की कळते. मुळात तो हाताचाच माणूस. उधन्याच्या एका लूमच्या कारखान्यात, तिथल्या बोलीत खात्यात, धाग्यांचा नवा बीम चढला, की संपत आलेल्या ताण्याच्या प्रत्येक धाग्याला नवा धागा सांधायचा, हे त्याचं काम. चार-साडेचार हजार धागे, ओळीने, एकाला एक. एक जरी शेजारच्याच्या जागी गेला तर ताग्यात वरपासून खालपर्यंत रेघ येते आणि शेठ तिच्यावर बोट ठेवून सगळ्यांसमोर दाखवतो. उखाच्या हातून अशी रेघ शेवटची कधी आली, हे खात्यात कोणाला आठवत नाही.

असा माणूस मत्सरी असेल असं वाटत नाही. पण उखा होता, आणि चांगला कसलेला मत्सरी होता. त्याच्या मत्सराची जात मात्र निराळी. दुसऱ्याचं बरं झालं तर त्याला वाईट वाटत नसे. ते आपल्याला आधी सांगितलं नाही, म्हणून त्याच्या पोटात दुखे. समोरच्या योगेंद्रने नवी रिक्षा घेतली आणि ती बातमी उखाच्या आधी कोपऱ्यावरच्या शिंप्याला कळली. झालं. दोन महिने उखा स्टेशनवरून घरी पायी आला, पण त्या रिक्षात बसला नाही. योगेंद्र बिचारा प्रत्येक वेळी हॉर्न वाजवी, आणि उखा दुकानांच्या पाट्या वाचत पुढे चालू लागे.

सगळ्यांत जास्त तो जळला तो स्वतःच्या भावावर.

गजेंद्र त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा शिरपूरजवळच्या गावातून उखानेच त्याला सुरतेला आणलं. मालतीबाई तेव्हा नवी नवरी; लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि तिच्या पदरात बारा वर्षांचा दीर आला. उखाने त्याला लूमवर उभं केलं, पण पोराला तो खडखडाट सोसेना. मग त्याला मोबाइल दुरुस्ती शिकवली, दुकान टाकून दिलं, लग्न लावलं. वैशाली नंदुरबारची, चांगल्या घरची. तिच्या पाठोपाठ तिचा भाऊ सागर सुरतेला आला आणि इच्छापोरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर लागला. तिथून उखाच्या दुःखाला सुरुवात झाली.

सागर आणि गजेंद्र मोबाइलमध्ये डोकं घालून काहीतरी बोलत बसत. बिटकॉइन, वॉलेट, असले शब्द. उखा जवळ गेला की गजेंद्र समजावून सांगायला लागे, पण तो सागरशी बोले भराभर आणि उखाशी बोले सावकाश, आणि तो सावकाशपणाच उखाला झोंबे. पुढे गल्लीतल्या चार जणांनी एका ॲपवर तसलीच नाणी घेतली. एके सकाळी ते ॲप उघडेना. चौघं दुकानासमोर येऊन उभे राहिले. गजेंद्रचं त्यात काहीच अडकलं नव्हतं. त्याने आपली नाणी कधीच ॲपवरून काढून स्वतःच्या ताब्यात घेतली होती. दोन वर्षांनी त्याने डिंडोलीत रो हाऊस घेतलं. वास्तुशांतीला उखा सगळ्यांत पुढे बसला, पोटभर जेवला, आणि घरी येऊन मालतीबाईला म्हणाला, "संडासनी फरशी चुकाडी त्यानी."

खरा घाव बसला कानबाईच्या दिवशी.

कानबाई म्हणजे नारळाची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवायचं, नथ घालायची, बांगड्या भरायच्या, लुगडं नेसवायचं, आणि सोमवारी गाजतवाजत तापीवर न्यायचं. नारळ मात्र विसर्जित होत नाही, तो घराण्याचा. वर्षभर तो लाल फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात देव्हाऱ्याखाली असतो, आणि तो डबा श्रावणाशिवाय उघडायचा नाही. उघडायचाच झाला तर घरातल्या थोरल्या बाईने, न्हाऊन. पुरुषांनी हात लावायची पद्धत नाही. उखाच्या आईचा हा नारळ तिच्यामागे मालतीबाईकडे आला. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, खायच्या तेही फक्त भाऊबंदांनी. सासुरवाडीचा माणूस कितीही जवळचा असो, त्याला जेवण वाढा, गोडधोड वाढा, रोट नाही.

दर वर्षी सागर दर्शनाला येई, आणि दर वर्षी उखा स्वतःच्या हाताने त्याला चहा-वेफर देई आणि त्याच्यासमोर बसून रोटाचा तुकडा मोडून सावकाश खाई. वर्षातला त्याचा हा सगळ्यांत सुखाचा घास.

त्या रविवारी पंगत उठल्यावर ॲपवाल्या चौघांपैकी एक, बळीराम, गजेंद्रला विचारू लागला की तुझं कसं वाचलं, नीट सांग. गजेंद्रने बोटाएवढ्या डबीचा फोटो दाखवला. पेनड्राइव्हसारखी, बारीकसा पडदा, दोन बटणं. तो म्हणाला, नाणी हिच्यात नसतात. हिच्यात त्यांची किल्ली असते. डबी हरवली, जळाली, चोरीला गेली तरी बिघडत नाही. नवी डबी आणायची आणि पहिल्या दिवशी लिहून घेतलेले चोवीस शब्द तिच्यात ओळीने भरायचे. किल्ली परत तयार. पण ते शब्द दुसऱ्या कोणाला मिळाले, तर त्याला डबीचीही गरज नाही. सगळं त्याचं.

"मंग ते शब्द कोठे ठेवस तू?" बळीरामने विचारलं.

"पोलादनी पट्टीवर ठोकी ठेयेल शेतस. मना घरमा नही. एका इश्वासना घर शेतस."

उखाच्या हातातला रोट हातातच राहिला. "कोनाना घर?"

"ते सांगानं नही ऱ्हास, दादा," गजेंद्र हसून म्हणाला.

समोर सागर वेफर खात होता. त्याने मान वर केली नाही. उखाला तेवढं पुरलं.

त्या दिवसापासून उखाला दुसरं काही सुचेना. धागे सांधता सांधता तो मनात भांडू लागला. अर्ध्या गल्लीची घरं माझ्या खिळ्यावर टांगलेली असतात. खुद्द शेठ रविवारी खात्याची किल्ली माझ्याकडे देतो. आणि ज्याला मी मांडीवर घेऊन घास भरवला नाही एवढंच बाकी ठेवलं, त्याला विश्वासाचं घर म्हणून कोणाचं घर सापडलं? ज्याला रोटही देता येत नाही त्याचं? पैसा नको होता उखाला, हे मी शपथेवर सांगेन. त्याला ते चोवीस शब्द वाचायचेही नव्हते, निदान तेव्हा तरी. ते आपल्या घरात ठेवावेत, असं भावाला वाटायला हवं होतं. श्रावण गेला, दिवाळी गेली. तो गजेंद्रच्या दुकानावरून जाताना मान फिरवू लागला.

"तुम्ही कितला दिवस आसं तोंड पाडीसन बसशात?" मालतीबाईने एकदा विचारलं.

"सागरना घर जाय, इचार त्याले," उखा म्हणाला. मालतीबाई त्याच्याकडे बघत राहिली, मग ओठ घट्ट मिटून भाकरी थापू लागली.

मार्गशीर्षात सागरचं लग्न निघालं. नंदुरबारला. उखाला पत्रिका आली, फोन आला, परत फोन आला. त्याने खात्यात बीम बदलायचेत असं सांगून अंग काढून घेतलं. गजेंद्र कुटुंबासह आठ दिवसांसाठी निघाला आणि जाताना घराची किल्ली उखाच्या हातात देऊन म्हणाला, "दुपारले एकदाव मोटर चालू करीसन टाकी भरी ठेवजो दादा. झाडंसले पानी लागस."

किल्ली खिळ्यावर गेली. घराची किल्ली आपल्याला आणि खरी किल्ली त्या सागरला, हेही उखाच्या मनात तिच्याबरोबरच टांगलं गेलं.

तीन दिवस तो पहिली पाळी सुटली की डिंडोलीला गेला, मोटर लावली, झाडांना पाणी घातलं, कुलूप लावून परत आला. चौथ्या दिवशी टाकी भरेपर्यंत आत बसला. बसल्या बसल्या उठला आणि कपाट उघडलं. लोकांच्या घरांच्या किल्ल्या वीस वर्षं सांभाळणाऱ्या या माणसाने दुसऱ्याचं कपाट आयुष्यात पहिल्यांदा उघडलं, आणि तेही भावाचं. खालच्या खणात मोज्यात गुंडाळलेली डबी होती, शेजारी तिची वायर.

वायर जोडताच पडदा लुकलुकला आणि चार आकडे मागू लागला. उखाला डबी उघडून पुढे काय करायचं याची कल्पना नव्हती, आणि काही करायचंही नव्हतं. त्याला फक्त आकडा जाणून घ्यायचा होता. माणूस असा आकडा ठेवतो तो जिवाभावाच्या गोष्टीचा ठेवतो, अशी त्याची समजूत. आकडा आपल्या घरचा निघाला, तर भाऊ अजून आपला आहे. एवढंच बघायचं होतं.

त्याने आई गेली ते वर्ष टाकलं. चुकलं, असं दिसलं. मग दोघं भाऊ सुरतेत पहिल्यांदा ज्या खोलीत राहिले तिचा नंबर, पुढे शून्य लावून. तेही चुकलं. डबी त्याला काहीतरी इंग्रजीत बजावत होती, पण उखाला तेवढं इंग्रजी येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्या क्षणी तो वाचत बसला नसता. त्याच्या डोक्यात एकच आकडा घोळत होता, आणि तो खरा निघू नये असं त्याला वाटत होतं, आणि तरी त्याची बोटं थांबेनात. सागरच्या मोटरसायकलचा नंबर. इतक्या वर्षांत तो आपल्याला पाठ झालाय हेही उखाला तेव्हाच कळलं. एकेक आकडा करत त्याने तो टाकला आणि दाबला.

पडदा काळा झाला. मग उजळला आणि डबीने त्याचं स्वागत केलं, जशी आजच दुकानातून आणली असावी. आकडा विचारत नव्हती, काहीच मागत नव्हती. वर टाकी भरून पाणी वाहू लागलं होतं. उखाने मोटर बंद केली, डबी पुसली, मोज्यात घातली आणि कुलूप लावलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं, ही त्याची नेहमीची सवय.

पुढचे चार दिवस त्याने खात्यात तीन धागे चुकवले. शेठने तिन्ही रेघांवर बोट ठेवलं. भावाचं असेल नसेल ते सगळं आपल्या हाताने पुसलं, असं त्याला पक्कं वाटत होतं. आणि त्यातही एक विचार येऊन त्याला चावून जाई, की आता हे सावरणार कोण, तर सागर. शब्द त्याच्याकडे. लग्नाच्या हळदीतून उठून तो येणार आणि सगळं वाचवणार, आणि पुढच्या श्रावणात त्याच्यासमोर रोट खायचं आपलं तोंड राहणार नाही.

गजेंद्र आला तो वैशालीजवळच्या दुसऱ्या किल्लीने घर उघडून, सामान टाकून लिंबायतला, लग्नाची बुंदी घेऊन. मालतीबाईने पाणी दिलं. उखा उभाच होता.

"गजा, तुना घरमा मी चोरी करी."

गजेंद्रने तांब्या खाली ठेवला. "काय लयं?"

"लयं नही काही. तुनी ती डबी काढी. तीनदाव आकडा टाका."

"तीनदाव?" गजेंद्र म्हणाला. "मंग कोरी व्हई गयी ती. चोरना हातमा पडनी तर कोरी व्हई जावो, म्हनीसनच तशी बनाडेल ऱ्हास."

चोर हा शब्द त्याने मुद्दाम वापरला नव्हता. पण उखाने तो घेतला आणि मान खाली घातली.

"कोनता आकडा टाका?"

उखाने आईचं वर्ष सांगितलं, खोलीचा नंबर सांगितला. तिसरा सांगायला वेळ लागला. "सागरना गाडीना," तो म्हणाला.

गजेंद्र भावाकडे बघत राहिला. त्याला हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच ठरवता येईना. "दादा, तो आकडा कोनाच नही. कोनले वळखू येवाले नको म्हनीसन मी लुडोना फासा टाकीसन काढा व्हता."

"सागरले फोन लाव," उखा म्हणाला. "मी बोलस त्यानासंगे. मी माफी मांगस."

"सागरले कसाले?"

"शब्द त्यानाच घर शेतस ना?"

"कोनी सांगं तुले?"

कोणीच सांगितलं नव्हतं. उखा आठवायला लागला आणि त्याला आठवलं ते एवढंच, की सागर खाली मान घालून वेफर खात होता. गजेंद्र मालतीबाईकडे बघत होता. मालतीबाई उठली, दांडीवरचं धुतलेलं लुगडं घेतलं आणि न्हाणीत गेली.

ती न्हाऊन आली. देव्हाऱ्यासमोर बसली, दिवा लावला, हात जोडून कपाळाला लावले आणि अवेळी उठवते म्हणून देवीची क्षमा मागितली. मग कानबाईचा डबा बाहेर ओढला. लाल फडक्यातला नारळ तिने मांडीवर घेतला, नथीची डबी बाजूला ठेवली, लुगड्याच्या घडीखालून तळहाताएवढी पोलादी पट्टी काढली आणि पालथी करून तिच्यावर तळवा ठेवला.

दोन वर्षं ती तिथे होती. उखा ज्या देव्हाऱ्यापुढे रोज सकाळी उदबत्ती ओवाळून, भावाला सुबुद्धी दे म्हणून हात जोडत होता, त्याच्या खाली. त्याच्याच घरात.

"तुले माहीत व्हतं," उखा बायकोला म्हणाला.

"तुमले सांगू नका, आसं गजाभाऊनी सांगेल व्हतं."

"कसं काय?" त्याने भावाकडे वळून विचारलं, आणि विचारताच त्याला वाटलं, विचारायला नको होतं.

गजेंद्र जमिनीकडे बघून बोलला. "तू चोरशीन आसं माले कधी वाटनं नही, दादा. सपनमा बी नही. पन उघाडाशिवाय तुनाघाई ऱ्हावातं नही."

उखाला एकाएकी आपल्या बायकोचा हेवा वाटला. असा कडकडून वाटला की सागरचाही कधी वाटला नव्हता. सातवी शिकलेली ही बाई, तिच्या हाताखाली ते सगळं होतं, आणि दोन वर्षांत तिने एकदा पट्टी उलटी करून पाहिली नव्हती. तो तिच्यासमोर चार महिने सागरच्या नावाने जळत होता आणि ती भाकरी थापत होती.

गजेंद्रने पिशवीतून डबी काढली. घरी सामान टाकायला गेला तेव्हा बरोबरच घेतली होती, दुकानावर काही काम होतं म्हणून. वायर जोडली. आता एकाने पट्टीवरची अक्षरं वाचायची आणि दुसऱ्याने ती दोन बटणांनी भरायची. मालतीबाई तळवा उचलेना. गजेंद्र सुरू करीना. बाहेर जा असं उखाला कोणी म्हटलं नाही, आणि बस असंही कोणी म्हटलं नाही. तो स्वतःच ओट्यावर आला आणि दार ओढून घेतलं.

खिडकी मात्र उघडी होती. आतून मालतीबाईचा आवाज आला. तिला इंग्रजी शब्द वाचता येत नव्हते, अक्षरं येत होती. ती पाढा म्हणावा तशी एकेक अक्षर म्हणत होती, थांबत होती, पुढचं म्हणत होती. पाच अक्षरं झाली. पहिला शब्द संपला.

तो उखाच्या डोक्यात जाऊन बसला. साडेचार हजार धागे ज्याला ओळीने लक्षात राहतात, त्याला चोवीस शब्द म्हणजे काय? तो न ऐकायचं म्हटलं तरी ऐकणार होता, आणि एकदा ऐकलं की विसरणार नव्हता. दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर यायच्या आत तो उठला आणि भिंतीवरचं मोटरचं बटण दाबलं.

मोटर जुनी, खडखड करणारी. गल्लीत तिच्या आवाजावर सगळ्यांनी एकदा तरी तक्रार केली होती. टाकी सकाळीच भरलेली होती, त्यामुळे दोन मिनिटांत पाणी गच्चीवरून धो धो खाली पडू लागलं. शेजारच्या शांताबाई बाहेर आल्या.

"उखाभाऊ, पानी वाही राहिनं ना," त्या ओरडल्या. "बंद करा ती."

"वाहू द्या," उखा म्हणाला.

त्याचं धोतर भिजलं, ओटा भिजला, पाणी गल्लीतून वाहत योगेंद्रच्या रिक्षाच्या चाकांपर्यंत गेलं. उखा बटणावर हात ठेवून उभा राहिला. आत कितवा शब्द चालू आहे हे त्याला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. गजेंद्रने बाहेर येऊन आधी मोटर बंद केली. "व्हई गयं," तो म्हणाला. "समदं जागावर शे."

उखाने मान डोलावली. मग म्हणाला, "पहिला शब्द मना कानमा पडना. मोटर चालू कराना पहिले."

गजेंद्रने ओल्या ओट्याकडे पाहिलं, भावाच्या ओल्या धोतराकडे पाहिलं. "एक ऱ्हायना तर चालस," तो म्हणाला. "बाकीना तेवीस बिगर त्याना काही उपेग नही. ऱ्हाऊ दे तुनाकडे."

पट्टी त्याच डब्यात परत गेली, कानबाईच्या लुगड्याखाली. डबा अजून तिथेच आहे. उखाकडे तो एक शब्द आहे. पाच अक्षरांचा. त्याचा अर्थ त्याला माहीत नाही, आणि अर्थ विचारायचा तर शब्द सांगावा लागेल, म्हणून त्याने तो कधी कोणाला विचारलेला नाही. मालतीबाईला तो शब्द माहीत आहे, तिनेच तर वाचला. तिलाही विचारलेला नाही.